सोरायसिसची आठवड्याची गोळी कशी घ्यायची

भाऊ, सोरायसिस या त्वचेच्या आजारासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिली असेल तर आधी एक डोक्यात पक्कं करा, ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जिवावर बेततं. मी बाजाराचा दिवस धरलाय, शनिवारी भरताची वांगी घेऊन घरी आलो की जेवण, मग गोळी, आणि लगेच कॅलेंडरवर टिक. फॉलिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिनची गोळी, दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तसं. स्ट्रिपवर मिलिग्रॅम दर वेळी बघा, २.५ ची पण येते आणि १० ची पण, मेडिकलवाल्याने मला एकदा भलतीच दिली होती.

सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट सांगितलेल्या तारखेला कराच, जळगावला चक्कर पडते म्हणून टाळू नका. दारू बंद, हो, लग्नसराईत पण. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. ताप आला, खोकला लागला, धाप लागली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरला फोन. मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, आधीच सांगा.

फरक पडायला महिना-दोन महिने जातात, तोवर खोबरेल तेल चोळत बसा.