फोटोवरून ऑर्किडचं नाव लावायचं, तर आधी एवढं करा

फुलाचा समोरून काढलेला एकच देखणा फोटो ओळखीच्या कामाला सहसा येत नाही. स्टेटसला तो झकास दिसतो, पण खाली तीन जण तीन वेगळी नावं लिहून जातात. त्यांना तरी काय दोष द्यायचा, त्या फोटोत उत्तरच नसतं. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, येऊरला किंवा माथेरानला जायचा बेत असेल, तर तयारीला घरूनच लागा.

पहिली तयारी दादरच्या फुलबाजारात. तिथे डेंड्रोबियम या ऑर्किडच्या जांभळ्या फुलांच्या काड्या मिळतात, त्यातली एक घेऊन या आणि घरी टेबलावर फूल सोडवून बघा. बाहेरची तीन दलं, आतल्या दोन पाकळ्या, आणि तिसरी पाकळी जी वेगळाच आकार घेऊन ओठासारखी पुढे आलेली असते. हीच ती लिप. मधोमध जो जाडसर दांडा दिसतो तो कॉलम. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन तो बनलेला असतो. त्याच्या टोकावर छोटी टोपी असते. टाचणीने ती अलगद उचलली की परागांचे पिवळे, मेणासारखे चार कण दिसतात. एवढं एकदा हाताने केलं की जंगलात कॅमेरा नेमका कुठे रोखायचा हे कुणी सांगावं लागत नाही. ही चिरफाड बाजारातल्या फुलावरच करायची, रानातल्या फुलाला हात लावायचा नाही. आणि ती काडी संकरित असते, तेव्हा तिच्यासाठी रानटी प्रजातीचं नाव शोधत बसू नका. नर्सरीतल्या फॅलेनॉप्सिसचं आणि बाल्कनीत टांगलेल्या रंगीबेरंगी व्हँडांचं बहुतेक हेच. नेटवर ‘ही कोणती प्रजाती’ म्हणून फिरणारे कितीतरी फोटो अशा कुंडीतल्या झाडांचे असतात, आणि त्यांना प्रजातीचं नाव लागूच पडत नाही.

आदल्या रात्री फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशन वापरायची परवानगी आहे ना, ते तपासा. तारीख आणि जागा फोटोतच नोंदली गेली तर पुढचं अर्धं काम वाचतं. पिशवीत पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, झिपवाली प्लास्टिकची पिशवी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पहिल्या सरीत अक्षरं वाहून जातात. महागडी मॅक्रो लेन्स नसली तरी बिघडत नाही, भिंग फोनच्या लेन्ससमोर धरून निभावतं. छत्री मात्र काळीच घ्या. फुलामागे उघडून धरली की मागचा हिरवा गोंधळ नाहीसा होतो आणि पांढऱ्या फुलाची कड न कड दिसते.

ऑर्किडच आहे का, हेही आधी बघायला हवं. रानहळदीचा तुरा आणि पेवा यांना पावसाळ्यात हमखास ऑर्किड ठरवलं जातं. रस्त्याकडेच्या रक्तकांचनाला तर इंग्रजीत ‘ऑर्किड ट्री’च म्हणतात, त्यामुळे शोधयंत्रंही फसतात. कॉलम सापडला नाही तर पुढे जायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष फोटो. पहिला अख्ख्या झाडाचा, लांबून: ते जमिनीवर आहे, कातळावर आहे की झाडाच्या फांदीवर, आणि फांदीवर असेल तर कोणत्या झाडाच्या. मग पानं, खोड, बुंध्याशी फुगीर कांडी असेल तर ती, आणि पूर्ण तुरा. त्यानंतर फूल समोरून, बाजूने, मागून, आणि लिप जवळून. यातल्या एका तरी फोटोत शेजारी पट्टी हवी. अंगठा हे माप नव्हे, प्रत्येकाचा वेगळा असतो.

यातला बाजूचा फोटो लोक हटकून विसरतात, आणि हॅबेनेरिया, म्हणजे पावसाळ्यात जमिनीवर उगवणाऱ्या, बहुधा पांढऱ्या फुलांच्या ऑर्किडांचा वंश, ओळखताना तोच सगळ्यात जास्त लागतो. फुलाचा देठ म्हणून आपण जे बघतो ते खरं तर पीळ पडलेलं अंडाशय असतं. लिपच्या मागून निघून खाली लोंबणारी बारीक नळी म्हणजे स्पर. तिची लांबी अंडाशयाच्या तुलनेत किती, ती सरळ आहे की वाकडी, टोकाशी फुगलेली आहे का, यावर प्रजाती ठरतात. हॅबेनेरिया लाँगिकॉर्निक्युलाटाची नळी दहा सेंटिमीटरच्याही पुढे जाते. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही. शिवाय पांढरं फूल फोनमध्ये हमखास जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. स्क्रीनवर फुलावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. मग दिसेल की वरचं दल आणि बाजूच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून टोपडं झालेलं आहे, की पाकळ्यांचे दोऱ्यासारखे फाटे सुटे आहेत. पानांची गणतीही वहीत असू द्या. पहिल्या पावसात दिसणाऱ्या हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला बहुधा जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान असतं. फूल तोडून तळहातावर ठेवून फोटो काढला तर हा पुरावा गेलाच, आणि नॅशनल पार्कात ते करायला बंदीही आहे.

फोटो नीट दिसावा म्हणून तो फिरवून उलटासुलटा करू नका. बहुतेक ऑर्किडांचं फूल कळी असतानाच पीळ घेऊन लिप खाली आणतं, पण काही तसं करत नाहीत. लिप वर आहे की खाली, ही खूण आहे.

नेटवर ताडून बघताना पहिलं पथ्य म्हणजे अ‍ॅपने सुचवलेलं नाव हा अंदाज समजायचा. अ‍ॅपं फोटोतलं साम्य बघतात, स्पर मोजत नाहीत. नाव मिळालं की ते लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर टाकून बघा: आज मान्य असलेलं नाव तेच आहे का, आणि ते झाड आपल्याकडे उगवतं तरी का. जुन्या यादीतली व्हँडा रॉक्सबर्गाय आणि आताची व्हँडा टेसेलाटा एकच, हे माहीत नसलं की एकाच झाडावरून वाद घालत बसण्याची वेळ येते. मग ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’, ‘ईफ्लोरा ऑफ इंडिया’, ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’ इथले पश्चिम घाटातले फोटो बघा, सगळ्या जगातले नकोत. ‘आयनॅचरलिस्ट’वरच्या ‘रिसर्च ग्रेड’चा फार दरारा बाळगू नये. दोघांचं एकमत झालं तरी तो शिक्का बसतो, आणि दुसऱ्याने पहिल्याचंच नाव डोळे मिटून उचललेलं असू शकतं. एकाच फोटोवर विसंबण्यापेक्षा निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या महिन्यांत काढलेले फोटो शेजारी लावा. वर्णन वाचायचं असेल तर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं १९६६ सालचं मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांवरचं पुस्तक आजही उपयोगी पडतं. अगदीच अडलं, तर धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ साली सुरू झालेलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. जायच्या आधी रीतसर परवानगी विचारा.

नेटवर नावांची अदलाबदल होणाऱ्या जोड्या आधीच वहीत लिहून ठेवा. एरिडिस मॅक्युलोसा आणि एरिडिस क्रिस्पा, दोन्ही मे-जूनमध्ये गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांनी लगडतात. मॅक्युलोसाचं खोड आखूड आणि पाकळ्यांवर ठिपके. क्रिस्पाचं खोड लांब, पाकळ्या बिनठिपक्यांच्या आणि लिपची कड झालरीसारखी कातरलेली. डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हाटम ही जोडी जास्त अवघड. दोघांची पानं फुलण्याच्या वेळी गळालेली असतात. पहिल्याचं फूल पांढरं, जरासं गुलाबी झाक असलेलं. दुसऱ्याचं सायीच्या रंगाचं, घशाशी हिरवट. पण झाडांच्या सावलीत फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो, तेव्हा लिपचा जवळचा फोटो नसेल तर दोघांतलं एक ठामपणे निवडू नका.

मत विचारताना मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकलात की तो दाबला जातो आणि तारीख-जागा पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर राहते. सोबत महिना, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, कशावर उगवलंय आणि मोजलेली मापं. ‘ओळखा पाहू’ एवढंच लिहून चालत नाही. नेमकी जागा मात्र उघड करू नका. ऑर्किडं उपटून नेणारे असतात, आणि तेही हेच फोटो बघतात. ‘आयनॅचरलिस्ट’वर जागा धूसर करण्याची सोय आहे, ती निवडा; ग्रुपवर फार तर तालुका सांगा.

काही वेळा कुळातल्या वंशापर्यंतच थांबावं लागतं, आणि ‘हॅबेनेरिया, प्रजाती अनिश्चित’ ही नोंदही चांगली नोंद आहे. नर्व्हिलिया या जमिनीवरच्या ऑर्किडांच्या बाबतीत तर हे ठरलेलंच. जुलैत जमिनीवर एकटं पान दिसतं तेव्हा फूल होऊन गेलेलं असतं. फूल येतं ते पहिल्या सरींच्या आसपास, आणि तेव्हा पान नसतं. दोन्ही फोटो एकाच झाडाचे हवेत, तर ती जागा शेजारच्या दगडासकट, झाडासकट टिपून ठेवा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या मेच्या अखेरीची आठवण लावून टाका.