चार्जिंगच्या फवारणी पंपाची बॅटरी बदलताना

जुलैत कपाशीवर तुडतुडे-मावा दिसायला लागतो, वर्षभर कोपऱ्यात पडलेला चार्जिंगचा पंप बाहेर निघतो आणि बटण दाबलं की मोटार नुसती कण्हते. मग सरळ कृषी सेवा केंद्रात जाऊन नवी बॅटरी आणली जाते. खूपदा ती लागणारच असते, पण दर वेळी नाही. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

पाठीवरच्या १६ ते २० लिटरच्या पंपात साधारण १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. जड पंपात आणि काही डबल मोटरच्या पंपात १२ एएचचीही असते. आत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात.

दोष बॅटरीचाच आहे का?

नोझल उघडं असताना मोटार थांबून-थांबून, धक्के देत चालत असेल तर बॅटरीला हात लावू नका. नोझलमध्ये किंवा दांडीच्या मुठीतल्या जाळीत कचरा अडकला आहे. पाणी पुढे जात नाही, दाब चढतो आणि पंपातला प्रेशर स्विच मोटार बंद करतो. दाब उतरला की पुन्हा चालू. न विरघळलेल्या पावडरीच्या औषधाने हे हमखास होतं. नोझल बंद असताना मोटार मधूनच टक्-टक् करत असेल तर कुठेतरी गळती आहे: नळीचा क्लिप किंवा मुठीतला वायसर बघा.

मोटार अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज. बऱ्याच पंपांत लाल वायरवर काचेचा फ्यूज असतो. तो उडालेला असताना बॅटरी बदलली जाते आणि जुनी चांगली बॅटरी भंगारात जाते.

बाकी काम मल्टिमीटरचं, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राचं. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि तीन-चार तास तशीच राहू द्या. लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. १२.७ किंवा जास्त असेल तर ठीक. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मीच भरली. रात्रभर चार्जिंगनंतरही १०.५ वर अडकली असेल तर एक सेल शॉर्ट झाला आहे, तिच्यावर आणखी वीज घालवू नका. आकडा चांगला दिसला तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. टाकीत साधं पाणी भरा, नोझल उघडा आणि मोटार चालू असताना मोजा. चांगली बॅटरी पाच-दहा मिनिटांनीही १२ च्या जवळपास राहते. ११ च्या खाली घसरत गेली तर ती संपली.

चार्जरही बघा. काही चार्जरची पिन मोकळी असताना १३.८ ते १४.८ व्होल्ट दाखवते, काही बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज देत नाहीत. त्यांच्या बाबतीत पंप जोडून बॅटरीवर मोजा. लावल्या-लावल्या हिरवा दिवा लागणं म्हणजे बॅटरी भरली असं नाही. रिकामी बॅटरी असताना असं झालं तर ती चार्ज घेतच नाही, नाहीतर मधली वायर तुटली आहे. उलट बारा-बारा तास लाल दिवा आणि बॅटरी हाताला गरम लागत असेल तर सेल शॉर्ट आहे. चार्जर काढा.

विकत घेताना

दुकानात ‘बारा व्होल्ट आठ एएच’ एवढं सांगून भागत नाही. जुनी बॅटरी सोबत न्या. ७ आणि ८ एएचच्या बॅटऱ्यांचं माप बहुधा १५१ × ६५ × ९४ मिलिमीटर असतं. १२ एएचची लांबी-उंची जवळपास तीच, पण जाडी ९८. ती ८ च्या खोक्यात बसत नाही. बसवण्यासाठी खोक्याचं प्लास्टिक कापणारे आहेत. मग पाणी थेट बॅटरीवर येतं. शिवाय एक किलोहून जास्त ओझं पाठीवर वाढतं.

टर्मिनलची पाती दोन रुंदीची असते, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर. रुंद क्लिप अरुंद पातीवर ढिली बसते, ढिल्या जागी ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक वितळतं. जुन्यासारखीच पाती घ्या.

दुकानातच मल्टिमीटर लावायला लाजू नका. नवी बॅटरी १२.६ च्या वर हवी. १२.४ च्या खाली असेल तर ती बराच काळ मांडणीवर पडून आहे, दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या.

कॉम्प्युटरच्या यूपीएसची ७ एएचची बॅटरी मापात चपखल बसते आणि अडचणीच्या वेळी चालतेही. पण ती सतत भरलेली राहून कधीतरी थोडा वेळ वापरण्यासाठी बनवलेली असते. रोज उपसून रोज भरली तर लवकर थकते.

लिथियमची हलकी बॅटरी टाकायची असेल तर तिचाच चार्जर घ्या, यात तडजोड नाही. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट आणि जुना चार्जर देतो १४ च्या पुढे. संरक्षक सर्किट कमअस्सल निघालं तर पॅक पेट घेतो.

काढणे आणि बसवणे

टाकी रिकामी करा, तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या आणि ते पाणी नोझलमधूनच बाहेर काढा. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बाहेरून पुसून वाळवा. हातमोजे घाला, कारण तळाच्या खोबणीत औषधाचा थर साचलेला असतो. चार्जर काढलेला आणि बटण बंद हवं.

पंप गोणपाटावर उलटा ठेवा आणि तळाच्या झाकणाचे स्क्रू फुलीच्या पेचकसने सोडवा. लांबी वेगवेगळी असेल तर कोणता कुठला ते लक्षात ठेवा. आखूड जागी लांब स्क्रू घातला की टाकीला भोक पडतं. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मग आधी काळी वायर काढा, नंतर लाल. क्लिप धरून ओढा, वायर ओढाल तर सांधा तुटेल. पेचकस दोन्ही टर्मिनलला एकदम लागू देऊ नका. एवढीशी बॅटरीही शॉर्ट झाली की शंभरावर अँपिअर सोडते, बोट भाजतं.

क्लिपवर हिरवी-पांढरी भुकटी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासा, पूर्ण वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपर मारा. हे टाळलं तर नवी बॅटरीही जुन्यासारखीच वागेल. ढिली क्लिप पक्कडीने हलकी दाबा.

नवी बॅटरी ठेवून आधी लाल, मग काळी वायर लावा. क्लिपवर व्हॅसलिनचा पातळ हात द्या. खोक्यात बॅटरी हलत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बाजूला दाबून बसवा. सरीतून चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी टर्मिनल मोडतात. मग झाकणाचं रबर खोबणीत नीट बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

वायरी उलट लागल्या तर काय होतं हे माहीत असू द्या. मोटार उलटी फिरूनही पाणी फेकू शकते, कारण पाण्याची दिशा पंपातले व्हॉल्व्ह ठरवतात. त्यामुळे ‘चालतोय ना’ म्हणून फसू नका. वेग कमी-जास्त करणारं सर्किट जळतं आणि चार्जर लावला की तोही जातो.

पहिलं चार्जिंग

फवारणीआधी एकदा पूर्ण चार्ज करा. १.७ अँपिअरच्या चार्जरवर रिकामी ८ एएचची बॅटरी भरायला सहा-सात तास लागतात. हवेशीर जागी ठेवा, उन्हात नको. शेतातल्या मोटारीच्या पेटीतून दोन वायरी काढून चार्जर लावण्याचा उद्योग मुळीच करू नका. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि चार्जर २३० चा आहे. घरीच लावा.

मोटार दोन-तीन अँपिअर घेते, त्या हिशोबाने नवी बॅटरी अडीच ते चार तास चालायला हवी. दोन्ही मोटारी चालू ठेवल्या तर वेळ निम्म्यावर येतो, तो बॅटरीचा दोष नाही. आवाज बसला, फवारा जाड पडू लागला की थांबा. ‘एवढ्या दोन ओळी होऊन जाऊ दे’ म्हणत १०.५ च्या खाली ओढलेली बॅटरी दर वेळी थोडी कायमची मरते.

हंगाम संपल्यावर

आपल्या खानदेशात रावेर-यावलच्या केळीत पंपाला फारशी उसंत नसते, तिथे बॅटरी वापराने झिजते. पारोळा-अमळनेर-धुळ्याकडच्या कपाशीत मात्र ती बहुधा न वापरल्यामुळे जाते. शेवटच्या फवारणीनंतर अर्धवट रिकामा पंप पत्र्याच्या शेडमध्ये टांगला जातो. बॅटरी आपोआप उतरत राहते, आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग चार्जर लावूनही ते विरघळत नाहीत. त्यात आपला एप्रिल-मे. पारा ४४-४५ वर गेला की पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उष्णतेत बॅटरी उतरण्याचा वेगही वाढतो.

म्हणून पूर्ण चार्ज करून पंप घरातल्या गार खोलीत ठेवा, पण धान्यापासून आणि मुलांपासून लांब. शक्य असेल तर काळी वायर काढून ठेवा. व्होल्टमीटरवाल्या पंपात त्याचा दिवा बारीक वीज खातच असतो. दर दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. संक्रांत, होळी आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) एवढ्या तीन खुणा धरल्या तरी पावसाळ्यापर्यंत निभावतं.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, फोडून शिसं काढण्याच्या भानगडीत तर पडूच नका. आत सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि शिशाची भुकटी मुलांच्या मेंदूला घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची असते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या. शिशाला भाव असतो, तेवढे पैसे बिलातून वजा करून मागा.