घोड्याचं वजन फितीनं काढा, मग चंदी ठरवा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघायला आलेला माणूस उंची विचारतो, दात पाहतो, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) शोधतो. वजन क्वचितच कुणी विचारतं. पण जनावर दारात बांधलं की चंदी (धान्याचा खुराक), जंताचं औषध, पाठीवरचं ओझं, सगळं वजनावरच ठरतं. आणि नजरेचा अंदाज पन्नासेक किलोनं सहज चुकतो.

सकाळी चंदी-पाण्याआधी घोडा सपाट जागी, चारही पाय सरळ ठेवून उभा करा. दोन मापं लागतात. पहिलं छातीचा घेर: फीत पाठीवर मान संपते त्या उंचवट्याच्या लगेच मागून आणि खाली पुढच्या पायांच्या कोपरांमागून न्यायची. घोड्यानं श्वास सोडला की आकडा वाचायचा. फीत अंगाला लागलेली हवी, कातडीत रुतलेली नको. दुसरं माप लांबीचं: खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत, सरळ रेषेत. इथे दुसरं माणूस हवंच.

शिंप्याची फीत १५० सेंटिमीटरची असते, ती पुरत नाही. दोन फिती शिवून जोडा, किंवा न ताणणारी दोरी गुंडाळून, खूण करून मोजा. सुतळी ताणली जाते. लोखंडी टेप तर नकोच. ती वाकत नाही आणि खडखडाटानं घोडा बुजतो.

आता हिशेब. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०२ किलो. घेर चुकून १६५ वाचलात तर तेच ३२१ होतं. घेराचा वर्ग होतो, म्हणून सगळी काळजी तिथेच घ्यायची. तीनदा मोजून सरासरी काढा. शिंगरू आणि गाभण घोडी यांना हे सूत्र लागू पडत नाही. जवळ वजनकाटा असेल तर घोड्यासकट गाडी आणि रिकामी गाडी असं दोनदा तोलून फितीचा आकडा एकदा ताडून पाहा. पुढे दर पंधरवड्याला त्याच फितीनं, त्याच वेळी मोजा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, तो चढतोय की उतरतोय हे कळायला हवं. जोडीला बरगड्यांवरून हात फिरवा: त्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत.

मध्यम काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के कोरडं खाद्य लागतं. ३०० किलोच्या घोड्याला साडेचार किलो वाळलं गवत आणि दोन किलो चंदी धरा. काम नसेल त्या दिवशी चंदी निम्मी करा, गवत वाढवा. चंदी एकदम न देता तीन वेळांत वाटा: पोट लहान, ओकारी येत नाही, आणि एकदम जास्त धान्य गेलं की पोटशूळ ठरलेला. तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) चंदी डब्यानं मोजून घालायची सवय मोडा. एक डबा कोंडा वजनाला एक डबा हरभऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच भरतो. कोंडा स्वस्त म्हणून भरमसाट घालू नका. त्यात कॅल्शियमच्या मानानं फॉस्फरस फार, त्यानं हाडं कमजोर होतात. थोडा लसूणघास ही उणीव भरून काढतो. हिरवी ज्वारी घोड्याला नको, कोवळी तर मुळीच नको. मीठ रोज ३० ग्रॅम, घाम गाळणाऱ्याला जास्त. पाणी गारव्यात १५ ते २० लिटर, उन्हात कामावर असेल तर दुप्पट.

ओझं खोगिरासकट वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो. खोगीर दहा किलोचं धरलं तर स्वार पन्नासचा. माथेरान-महाबळेश्वरला हा हिशेब किती जण करतात, ते विचारू नका.

खरारा (ब्रशनं अंग घासणं) रोज, आणि खोगीर-तंगाच्या (तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा) जागी आधी तळहात फिरवा: गरम किंवा सुजलेली जागा दिसण्याआधी हाताला लागते. खूर रोज उकरा. तळव्याच्या मधल्या मऊ भागाला कुजका वास आला तर ठाण (घोडा बांधायची जागा) ओलं राहतंय. नाल टिकला असला तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवाच, कारण खूर वाढतच असतो. धनुर्वाताची लस चुकवू नका.

लीद दिवसातून आठ-दहा वेळा पडते. ती थांबली, घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला, सारखा लोळू लागला, तर चंदी-वैरण काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. फोनवर वजन सांगा. वेदनाशामकाचा डोस किलोवरच ठरतो.