रोजच्या वापराच्या भांड्यांसाठी क्लिअर मॅट ग्लेझ: अर्धकच्चं नको, खरं मॅट

मॅट ग्लेझ, म्हणजे भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा थर पण चमक नसलेला, हवंय असं कुणाला सांगितलं की ठरलेले तीन सल्ले मिळतात. नेहमीचं क्लिअर (पारदर्शक ग्लेझ) घे आणि भट्टी एक कोन (भट्टीची आच मोजायची पायरी) कमी चालव. नाहीतर थोडी चायना क्ले (पांढरी चिनी माती) वाढव. नाहीतर बेरियम कार्बोनेट टाक, मस्त मॅट येतं. पहिला सल्ला साफ चुकीचा आहे, दुसरा अर्धा बरोबर पण "थोडी" म्हणजे किती ते कुणी सांगत नाही, आणि तिसरा खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी देणाऱ्याशी मी वादच घालत नाही. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, ग्लेझ नीट जमलं नसेल तर आंबट पदार्थात बेरियम उतरू शकतं, आणि मॅट करायला त्याची गरजही नाहीये. विषय संपला.

काटा, बादल्या, ८० मेशची चाळणी, बिस्क केलेल्या (ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या) टेस्ट टाइल आणि भट्टी हे तुमच्याकडे आहे असं धरून चालते. मास्कबद्दल मात्र बोलणारच. साधा कापडी मास्क चालत नाही, निदान एन९५ हवा, कारण सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते ती बाहेर येत नाही, त्यातून सिलिकोसिस होतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू मारायचा नाही. आणि हे सगळं स्वयंपाकघरात अजिबात नाही.

अजून एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर वैताग नको. काचेसारखं आरपार आणि तरीही मॅट असं ग्लेझ मिळत नाही. पृष्ठभाग प्रकाश विखुरतो म्हणून तो मॅट दिसतो, आणि विखुरलेल्या प्रकाशातून खालचं चित्र थोडं मऊ, थोडं धुरकट दिसणारच. पातळ थर दिला तर अंडरग्लेझची (ग्लेझखालच्या रंगाची) रेघ छान दिसते, जाड दिला की दुधाळ पडदा येतो.

मूळ रेसिपी

कोन १० वर, म्हणजे साधारण १२८५ अंशांवर, चालणारं जुनं आणि खात्रीचं ग्लॉसी क्लिअर आहे: पोटॅश फेल्डस्पार (एक खनिज) ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (कॅल्शियम कार्बोनेट) २०, चायना क्ले १०. चार-तीन-दोन-एक, लक्षात ठेवायलाही सोपं. आपण यातलं फेल्डस्पार आणि व्हायटिंग हलवायचंच नाही. फक्त सिलिका काढत जायची आणि तेवढीच चायना क्ले घालत जायची.

का, ते थोडक्यात. सिलिका काच बनवते, ॲल्युमिना (चायना क्ले वाढवली की हे वाढतं) त्या काचेला घट्ट धरते आणि फ्लक्स (इथे फेल्डस्पार आणि व्हायटिंगमधून येणारे) दोघांना वितळवतात. फ्लक्स तेवढेच ठेवून सिलिका कमी आणि ॲल्युमिना जास्त केलं की ग्लेझ पूर्ण वितळूनही चमकत नाही, थंड होताना त्यात सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि पृष्ठभाग रेशमी राहतो. आर. टी. स्टल यांनी १९१२ मध्ये कोन ११ च्या पोर्सिलेन ग्लेझवर हेच करून पाहिलं होतं, फ्लक्स कायम ठेवून सिलिका आणि ॲल्युमिना बदलत नेले, आणि त्यांचा नकाशा आजही वापरात आहे. ढोबळमानाने, मोलच्या (वजनाच्या नव्हे, रेणूंच्या संख्येच्या) हिशोबात सिलिका-ॲल्युमिना गुणोत्तर ५ च्या आसपास किंवा खाली गेलं की मॅट, ८ च्या वर ग्लॉसी, मधे सॅटिन, म्हणजे मंद चमक. गुणोत्तर मोलमध्ये काढायचं हं, ग्रॅममध्ये नाही, इथे खूप जण घसरतात.

आता दोन टोकं बनवा, प्रत्येकी ३०० ग्रॅमच्या हिशोबाने.

ग्लॉसी टोक: फेल्डस्पार १२०, सिलिका ९०, व्हायटिंग ६०, चायना क्ले ३०.

मॅट टोक: फेल्डस्पार १२०, सिलिका ३०, व्हायटिंग ६०, चायना क्ले ४५, भाजलेली चायना क्ले ३९.

भाजलेली का? कच्ची चायना क्ले इतकी झाली की ग्लेझ वाळताना आक्रसतं, भेगा पडतात आणि भट्टीत त्याच भेगांवर ग्लेझ गोळा होऊन खाली उघडी माती दिसते. म्हणून निम्मी क्ले बिस्कच्या वाडग्यात भरून बिस्क फायरिंगमध्येच भाजून घ्यायची. भाजताना तिचं साधारण १४ टक्के वजन जातं, म्हणून ४५ च्या जागी ३९.

दोन्हीत प्रत्येकी ३०० ग्रॅम पाणी, रात्रभर भिजवा, दोनदा चाळा. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.४४ च्या आसपास यायला हवी, म्हणजे १०० मिलीचं वजन १४४ ग्रॅम.

मग दोन्ही टोकं मोजून मिसळा, ग्लॉसी आणि मॅट अशा क्रमाने: १००:०, ७५:२५, ५०:५०, २५:७५, ०:१००. पाच कप, पाच टाइल. सिलिका-ॲल्युमिना गुणोत्तरं येतात साधारण ९, ७.४, ६.२, ५.२ आणि ४.४. टाइलच्या मागे आयर्न ऑक्साइडने नंबर टाका, पेन्सिलचा जळून जातो.

कुठली टाइल खरी मॅट आहे

सगळी गोम इथे आहे आणि मी बराच काळ इथेच अडकून पडले होते, कारण भट्टीतून काढल्यावर अर्धकच्चं ग्लेझ आणि खरं मॅट ग्लेझ दिसायला जवळजवळ सारखंच असतं. दोन्ही चमकत नाहीत, दोन्ही फोटोत सुंदर येतात. फरक कळतो सहा महिन्यांनी, जेव्हा कपात आतून कॉफीचा डाग बसतो तो निघत नाही आणि प्लेटवर चमच्याच्या करड्या रेघा उठतात. अर्धकच्चं ग्लेझ म्हणजे मधूनच आच बंद केलेला भात, वरून शिजल्यासारखा वाटतो पण दाणा आत तसाच. त्यात न वितळलेले कण असतात, बारीक भोकं असतात, आणि आम्ल त्याला सहज खातं.

म्हणून टाइल बघून ठरवू नका. हे करा.

त्याच बॅचच्या टाइल एक कोन वर पुन्हा भाजा, खाली जुन्या शेल्फचा तुकडा ठेवून, कारण एखादं ग्लेझ ओघळणारच. वर नेल्यावर टाइल चकचकीत झाली तर ती आधी मॅट नव्हतीच, कच्ची होती. खरं मॅट एक कोन वर गेलं आणि नेहमीसारखंच सावकाश थंड झालं तर थोडं मऊ होतं, थोडं सरळ पसरतं, पण मॅटच राहतं. माझ्या मते ही एकच टेस्ट करायला वेळ असेल तर हीच करा, बाकी सगळ्या नंतर.

मग पाण्याचा थेंब. पाच मिनिटं ठेवून पुसा, खालचा भाग गडद झाला असेल तर ग्लेझ पाणी पितंय, ती टाइल बाद. मग पर्मनंट मार्करची रेघ मारून स्पिरिटने पुसा, सावली उरली तर तीही बाद. मग लिंबाची चकती रात्रभर. सकाळी धुऊन, वाळवून, उजेडात तिरकी धरून बघा, चकतीचा गोल उमटला असेल, रंगात किंवा चमकेत जरासाही फरक असेल तर आम्लाने ग्लेझ खाल्लंय. फरक नसला म्हणजे ग्लेझ शंभर टक्के सुरक्षित असं मात्र नाही, डोळ्यांना न दिसणारं उतरू शकतं आणि ते प्रयोगशाळाच सांगू शकते. विकणार असाल तर लॅब टेस्ट करून घ्या, लिंबावर भागवू नका.

शेवटी स्टीलचा चमचा जोर देऊन ओढा. इथे जरा समजून घ्या, चांगल्या मॅटवरही फिकट रेघ येऊ शकते कारण पृष्ठभाग मुळातच सूक्ष्म खडबडीत आहे आणि मऊ धातू त्यावर घासला जातो. ओल्या स्पंजने आणि थोड्या बेकिंग सोड्याने रेघ गेली तर मी चालवून घेते, न गेली तर नाही.

बहुतेक भट्ट्यांत २५:७५ ची टाइल जिंकते. मॅट टोक अनेकदा जरा जास्तच कोरडं येतं आणि लोक नेमकं तेच उचलतात कारण ते सगळ्यात "मॅट" दिसतं. करू नका. ५०:५० सॅटिन असतं आणि खरं सांगू का, प्लेट आणि वाडग्यांसाठी मला तेच आवडतं, थोडी चमक गेली तरी धुवायला सोपं.

थंड करणं

रेसिपी बरोबर, फायरिंग बरोबर आणि तरी ग्लॉसी आलं? घरच्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत हे हमखास होतं. भिंती पातळ, माल कमी, ती भराभर थंड होते आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही. मोठ्या स्टुडिओतली रेसिपी घरी चमकते ती यामुळे, आणि मग लोक रेसिपीला शिव्या घालतात. कंट्रोलर असेल तर ११०० पासून ८०० च्या आसपासपर्यंत तासाला ६० ते ८० अंश असं उतरवा. नसेल तर छोट्या भट्टीत शेल्फ आणि भांडी भरून ठेवा, भरलेली भट्टी सावकाश थंड होते. आणि कंट्रोलरचा आकडा कितीही सुंदर दिसला तरी प्रत्येक शेल्फवर विटनेस कोन ठेवा, ठरलेली आच मिळाली की वाकणारा छोटा सुळका.

कोन ६ वाल्यांसाठी

वरची रेसिपी १२२० च्या आसपास जशीच्या तशी वापरू नका, वितळणार नाही, आणि तुम्हाला अगदी तेच अर्धकच्चं मॅट मिळेल ज्यावर मी एवढं लिहिलंय. तिथे बोरॉन लागतं आणि ते फ्रिटमधून (आधीच वितळवून दळलेल्या काचेच्या पावडरमधून) घ्यायचं. तुमचं खात्रीचं कोन ६ फ्रिटवालं ग्लॉसी क्लिअर घ्या, फ्रिट हलवू नका, आणि तीच युक्ती करा, सिलिका खाली, चायना क्ले वर, पाच टाइल. बोरॉन जास्त असलेलं ग्लेझ मात्र मॅट व्हायला कुरकुर करतं, अशा वेळी कमी बोरॉनची मूळ रेसिपी शोधणं सोपं.

व्हायटिंगचा काही भाग काढून टाल्क किंवा डोलोमाइट घातलं तर मॅग्नेशियममुळे पृष्ठभाग अजून मखमली होतो, क्रेझिंगही (ग्लेझमधल्या जाळीसारख्या भेगा) कमी होतं. पण दुधाळपणा वाढतो आणि कोबाल्टचं निळं जांभळ्याकडे झुकतं. निळ्या चित्रांवर लावायचं असेल तर मी यापासून लांबच राहते. झिंक ऑक्साइडही तसंच, क्रोमवालं हिरवं अंडरग्लेझ त्याखाली मातकट होतं.

क्रेझिंग

सिलिका काढली की ग्लेझचं प्रसरण वाढतं, म्हणजे जाळीसारख्या भेगांची शक्यताही वाढते. भांडं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग सिंकमध्ये ठेवून त्यात उकळतं पाणी ओता, तोंड लांब ठेवून. असं तीनदा, मग शाई लावून पुसा. जाळी उमटली तर मॅट टोकापासून एक पायरी ग्लॉसीकडे सरका. बॉडी (भांड्याची माती) बदलली असेल तर हे सगळं पुन्हा, कारण एका बॉडीवर बसलेलं ग्लेझ दुसऱ्यावर बसेलच असं नाही.

लावायचं कसं, तर दोन ते तीन सेकंद बुडवा, बस. ब्रशने लावलेलं मॅट पट्ट्या दाखवतं. बादलीत ग्लेझ खाली घट्ट बसत असेल तर कोमट पाण्यात विरघळवलेलं एप्सम सॉल्ट थेंबाथेंबाने घाला आणि ढवळत बघा, दाटसर क्रीमसारखं झालं की थांबा. बादलीवर रेसिपी, तारीख, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी आणि कुठल्या बॉडीवर तपासलंय ते लिहा.

आणि कप, मग, लोणच्याची बरणी, आंबट काही राहील असं काहीही असेल तर आतून ग्लॉसी टोकच लावा, मॅट फक्त बाहेर. ते तुमच्याकडे आधीच मिसळून ठेवलेलं आहे आणि बाहेरच्या मॅटचे फ्लक्स तेच असल्यामुळे काठावर दोन्ही एकमेकांवर चढली तरी सहसा भांडत नाहीत.