कूलर चालू असताना एक खिडकी उघडी हवीच

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर गेला की कूलर सुरू होतात, आणि झळा नकोत म्हणून दारं-खिडक्या गच्च लावल्या जातात. सगळी गडबड इथेच होते. कूलर एसीसारखा खोलीतलीच हवा फिरवत नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, पण दमटही होते. तिला वाट मिळाली नाही की अंग चिकचिकतं, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चादरींना कुबट वास येतो.

म्हणून कूलर एका खिडकीला लावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. तिथे पातळ कागदाची पट्टी धरून बघा: ती बाहेरच्या बाजूला उडायला हवी. लोंबकळत राहिली तर फट वाढवा.

पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओलसर असते. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट मात्र भात-डाळ शिजत असताना चालूच हवा.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या शहरात हे जिवावर येतं, कळतं मला. ते पाणी संडासात ओतायला वापरा, वाया जात नाही.