नागपुरात नाटक शिकायचंय? आधी एक हिवाळा नुसतं पाहा

दिवाळी जवळ आली की कुणीतरी मुलगा किंवा मुलगी घरी येऊन विचारतेच, "ताई, नाटकात यायचंय. नागपुरात चांगला क्लास कुठे आहे?" मी नटी नाही. दिवसा शाळेत गणित शिकवते आणि तालमी सुरू झाल्या की हौशी नाटकांच्या लायटी करते. स्टेजवरचा माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्यावर उजेड कुठून पडतो हे मला जास्त कळतं, तेव्हा माझा सल्लाही जरा तिरकाच असणार. क्लासचं नंतर बघा. आधी एक अख्खा हिवाळा नाटकं पाहा. फक्त दोन प्रकारची पाहा, आणि दोन्ही एकाच हिवाळ्यात.

शहरात राज्य नाट्य स्पर्धेची, आणि शहराबाहेर झाडीपट्टीतली, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत रात्रभर चालणारी. दोन्हींचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी येतो. ही नागपूरकरांची चैन आहे, मुंबई-पुण्याच्या पोरांना ती घरबसल्या मिळत नाही, आणि आपली पोरं मात्र मुंबईची तिकिटं काढत बसतात.

पाहण्यानं काय होतं असं विचाराल, म्हणून थोडं जुनं सांगते. आमच्या लहानपणी नाटक म्हणजे झाशी राणी चौकातलं धनवटे रंग मंदिर. महाल भागातून बाबांच्या स्कूटरवर आम्ही तिघं जायचो, मी पुढे उभी. ती जुनी इमारत आता नाही. त्या जागी विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल उभं आहे आणि मेट्रोही तिथेच थांबते. साठीच्या पुढच्या कुणासमोर जुन्या धनवटेचा विषय काढून पाहा, अर्धा तास गेलाच म्हणून समजा. मला त्या इमारतीपेक्षा तिथला अंधार आठवतो. तिसरी घंटा झाली की दिवे फटकन जात नसत, उतरत जात, आणि लोकांची कुजबुजही त्याच बेतानं उतरत जाई. पुढे डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, माझा हात आला तेव्हा प्रेक्षागृहातले दिवे किती वेळात उतरवायचे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते आधीच अंगात मुरलेलं होतं.

बाबा दारव्हेकर मास्तरांचे भक्त. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नागपुरात रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभी केली, लहान मुलांसाठी नाटकं लिहिली, आणि 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक त्यांच्या हातून आलं. त्यातले खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, तेही नागपुरात वाढलेले. सिव्हिल लाईन्समधलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं. बाबा हे असं सांगायचे की जणू दोघंही आमच्या गल्लीतले पोट्टे होते! लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. आता मीच नवीन मुलांना तेच ऐकवते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा दिसतो.

पाहण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण नाटककार महेश एलकुंचवारांचं. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला गेले, विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं, आणि मग लिहायलाच लागले. इथे मला तो दुसरा दिवस महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा आपण गोष्ट पाहतो, दुसऱ्यांदा ती कशी रचली ते दिसतं. एकदाच पाहिलेलं नाटक, नाटकात येणाऱ्यानं तरी, पाहिलंच नाही असं धरावं.

आता स्पर्धेकडे वळू. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते, त्यात नागपूर आहेच; त्यातून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात या फेरीच्या संध्याकाळी किती गेल्या त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. तिकीट अगदी नाममात्र असतं, पण तेसुद्धा न काढता ओळखीच्या पासवर जाण्याची आपली सवय जुनी. तुम्ही तिकीट काढा. पास मिळालेला माणूस मध्यंतरात उठून जातो, हे मी मागच्या केबिनमधून पाहत आले आहे.

बसायचं शेवटच्या रांगेत, प्रकाशाच्या केबिनजवळ. गोष्टीत शिरू नका, निदान पहिले दोन-तीन प्रयोग तरी. ब्लॅकआऊट किती वेळ टिकला ते पाहा. अंधारात खुर्ची कोण उचलतं, नट उजेडाच्या गोलात येऊन थांबतो की गोल त्याला शोधत फिरतो, वाक्य विसरल्यावर समोरच्यानं कसं सावरून घेतलं, हे टिपा. वाईट प्रयोग टाळू नका. चांगल्या प्रयोगात सांधे दिसत नाहीत, फसलेल्यात सगळे दिसतात. रोज वेगळी संस्था, वेगळा दिग्दर्शक, पण रंगमंच तोच आणि दिवेही बहुतेक तेच, त्यामुळे फरक कशामुळे पडला ते स्वच्छ कळतं. हे कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही. प्रयोग संपल्यावर लगेच घरी पळू नका. बाहेर चहाच्या टपरीवर दोन तट पडलेले असतात आणि परीक्षक नेमके कुठे हसले यावर वाद चाललेला असतो. त्यातलं निम्मं ऐकून सोडून द्यायचं.

मग आत शिरायचं कसं? माझ्या मते एकच वाट आहे: प्रयोग संपला की मागे जाऊन विचारायचं, "सेट उतरवायला हात देऊ का?" सेट लावायला माणसं असतात, उतरवायला कधीच पुरत नाहीत. नट रंगभूषा पुसून फोटो काढत असतात आणि ट्रकवाला भाऊ शिव्या घालत असतो. त्या वेळी जो फ्लॅटचं, म्हणजे सेटच्या भिंतीच्या चौकटीचं, एक टोक धरतो, त्याचा नंबर लोक आपणहून मागतात. मी अशीच आले. पहिल्यांदा शिडीवर चढले तेव्हा खालून कुणीतरी म्हणालं, "बाप्पा, बाई माणूस कायले चढून राहिली वर?" उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते. मुलींनो, हे ऐकावं लागेल, आता पूर्वीपेक्षा कमी, पण लागेल. काळा कुर्ता, रबरी तळव्याचे बूट, खिशात टेस्टर आणि काळी टेप घेऊन गेलात की दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद होतं.

लायटीत येणार असाल तर थोडं गणित लागेल, आणि इथे मी मास्तरीण होणारच. जुना हजार वॅटचा दिवा 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर ओढतो. डिमरचं चॅनेल दहा अँपिअरचं असेल तर त्यावर असे दोन दिवे चालतात. तिसरा जोडला की तेरा होतात आणि ऐन रडण्याच्या प्रसंगात फ्यूज जातो. आता 'पार' जातीचे एलईडी दिवे आल्यामुळे भार खूप उतरला, दिव्यापुढे लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद कापत बसावं लागत नाही, रंग बटणावर बदलतो. म्हणूनच नवीन मुलं दर वाक्याला रंग बदलतात. बदलू नका. माणसाचा चेहरा जांभळा करण्याआधी त्याचं कारण द्यावं.

ज्यांना स्वतःचं नाटक उभं करायचंय त्यांनी कागद आधी बघावेत. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'सेन्सॉर' म्हणतात. तालमीच्या उत्साहात हे सूत्रधाराच्या डोक्यातून जातं आणि शेवटच्या आठवड्यात धावाधाव होते.

आता दुसरा प्रकार, आणि खरं सांगायचं तर माझा जीव इथे जास्त रमतो.

माझी आत्या ब्रह्मपुरीला दिली होती. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. आम्ही नागपूरहून नागभीडपर्यंत छोट्या गाडीनं जायचो. ती नॅरोगेज 2019 साली रुळ बदलायला बंद झाली. एसटीनं जायचं तर उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता आहे. या रंगभूमीचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर रंगीत फलक, आत गावकऱ्यांची मंडळं तारखा ठरवताना दिसतात. कुठल्या रात्री कोणती कंपनी कुठल्या गावात, हे तिथे एक चक्कर मारली की कळतं.

नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होतं ते पहाटेपर्यंत. आत्या सतरंजी, दोन गोधड्या आणि डब्यात चिवडा घेऊन निघायची. स्टेजवर वरून माईक लोंबत असतात आणि नट बोलायला बरोबर त्यांच्याखाली येतात. लहानपणी मला ती गंमत वाटायची. लायटी करायला लागल्यावर कळलं की हे किती अवघड आहे: प्रवेश, भावना, समोरचा नट, आणि शिवाय माईकची जागा, सगळं एका पावलात साधायचं. ऑर्गन आणि तबला तिथेच वाजत असतात. गाणं, विनोद, रडणं, तलवार, सगळं एकाच रात्रीत. समोर हजारो माणसं थंडीत बसलेली. कंटाळली तर ती उठून जात नाहीत, झोपतात. झोपलेल्या प्रेक्षकाला तीन वाजता उठवून बसवणारा नट मी तिथेच पाहिला. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शहरी गटातल्या कित्येकांनी पहिल्यांदा विचारलं, "हे कोण?" आत्या असती तर तिनं या लोकांना घरातून हाकललं असतं.

शहरातले आपले लोक या नाटकाला भडक म्हणतात. भडक आहेच. अंधारात पन्नासाव्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत दुःख पोचवायचं तर ते मोठ्यानंच सांगावं लागतं. प्रकाशाचंही तसंच. मी शहरात अर्ध्या चेहऱ्यावर सावली टाकून खूश होते, तिथे चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, नाहीतर मागून हाक येते, "लाईट मार बे!" मला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक परीक्षण तेच. अर्थात सगळंच गोड नाही. तालमी कमी होतात, पुष्कळसं काम प्रॉम्प्टरच्या भरवशावर चालतं, आणि अलीकडे मध्येमध्ये नाच इतके घुसवतात की कथानक शोधावं लागतं. तरी नवीन मुलानं पाहायलाच हवं, कारण तिथे तिकीट काढून आलेला प्रेक्षक आहे आणि स्पर्धेच्या सभागृहात पुष्कळदा नसतो.

2019 च्या फेब्रुवारीत प्रेमानंद गज्वींच्या अध्यक्षतेखाली 99 वं नाट्य संमेलन नागपुरात भरलं, तेव्हा वाटलं होतं की ही दोन जगं आता एकमेकांकडे जाऊ-येऊ लागतील. थोडी लागलीही. नागपूरचे कितीतरी नट-नट्या हंगामात तिकडे काम करतात.

पैशाचं विचारायला मुलं लाजतात, पालक लाजत नाहीत. हौशी नाटकात पैसा नाही; उलट आपलाच जातो. झाडीपट्टीत प्रयोगामागे मानधन मिळतं, पण हंगाम संपला की पावसाळाभर दुसरं काही हवं, आणि रात्रभर जागून दुसऱ्या गावी जायची तयारी हवी. म्हणून माझ्यासारखे बरेच जण नोकरी धरून आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पूर्णवेळच करायचं असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नागपूर विद्यापीठाच्या ललित कला विभागातही चौकशी करा. पण मुलाखतीत "काय काय पाहिलंत?" असं विचारतीलच. तेव्हा मोबाईलवर पाहिलेल्या तुकड्यांची नावं सांगू नका.

या वर्षी निघणार असाल तर भाऊबीजेनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच एक रात्र काढा. डिसेंबरात स्पर्धा आणि परीक्षा दोन्ही अंगावर येतात. एकटे जाऊ नका, त्या बाजूचा एखादा मित्र गाठा, त्याची कुणी मावशी-काकू तिकडे असतेच आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. तिकीट खुर्चीचं काढू नका, जमिनीचं काढा; बायाबापड्यांच्या मध्ये बसलात तरच कोण कुठे हसतं ते कळेल. गोधडी जाड घ्या. आणि परतीच्या पहिल्या एसटीची वेळ आदल्या संध्याकाळीच स्टँडवर विचारून ठेवा, कारण नाटक संपतं तेव्हा अख्खं गाव त्याच गाडीसाठी निघालेलं असतं.