छायाचित्रांची रोजनिशी : एक जागा, एक वर्ष

छायाचित्रांची रोजनिशी ठेवायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी कॅमेऱ्याकडे जाते. परंतु माझ्या मते त्याआधी जागा ठरवणे अधिक गरजेचे आहे. घरापासून चालत जाता येईल असे एखादे झाड, विहिरीचा काठ किंवा गच्चीवरून दिसणारा डोंगर निवडावा आणि वर्षभर तिथेच पुन्हा पुन्हा जावे. साध्या मोबाईलनेही हे काम उत्तम होते.

झाड निवडायचे असेल तर पानगळीचे घ्यावे, कारण त्यात बदल ठळकपणे दिसतात. बहाव्याचेच पाहा : उन्हाळ्यात पाने झडतात, एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबू लागतात आणि त्याच वेळी गेल्या मोसमातल्या काळपट, हातभर लांब शेंगाही फांद्यांवर असतात. प्रत्येक खेपेस दोन चित्रे काढावीत. पहिले संपूर्ण झाडाचे, नेहमी एकाच ठिकाणी उभे राहून आणि झूम न वापरता; त्यात कुंपणाचा कोपरा किंवा विजेचा खांब अशी न हलणारी खूण राहू द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी चौकट जुळवणे सोपे जाते. दुसरे चित्र एकाच फांदीचे जवळून घ्यावे आणि ती ओळखता यावी म्हणून तिला सैलसर सुतळी बांधावी.

उन्हात मोबाईल पिवळ्या फुलांचा रंग फिका करून टाकतो, पाकळ्यांवरच्या शिरा दिसेनाशा होतात. अशा वेळी पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. पावसाळी पांढुरक्या आभाळासमोर याच्या उलट घडते, झाड काळे पडते. तेव्हा खोडावर बोट टेकवून उजेड वाढवावा. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीवर मखमली लाल किडे दिसू लागतात. त्यांचे चित्र उभ्याने न काढता मोबाईल जमिनीलगत धरून, आपली सावली पडू न देता काढावे.

चित्राइतकेच महत्त्व मी नोंदीला देते. ती त्याच दिवशी लिहावी, दोन-तीन ओळी पुरेशा आहेत : तारीख, वेळ, हवामान, आणि चित्रात न येणारी एखादी गोष्ट, जसे की पावशाचे ‘पेरते व्हा’ ऐकू आले का, मातीला वास होता का. पाने, फुले व फळे यांच्यापुढे ‘काहीच नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ एवढेच लिहिण्याची सवय फार उपयोगी पडते. झाडांच्या ऋतुचक्राच्या नोंदी सामान्य नागरिकांकडून जमवणाऱ्या ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमातही अशाच प्रकारे नोंदी होतात. काही बदललेले नसेल तर तेही लिहावे, कारण बहर उशिरा आला हे ठरवण्यासाठी आधीच्या आठवड्यांतील ‘काहीच नाही’ हाच पुरावा असतो.

घरातले क्षणही याच शिस्तीत घ्यावेत. गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, श्रावणात दोरीवर दमट राहिलेले कपडे, दारापुढची रांगोळी यांतून ऋतू झाडाइतकाच दिसतो. घरच्यांना मुद्दाम उभे करू नये, मात्र त्यांची संमती घ्यावी. पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊ नये आणि त्याचे ठिकाण कोणालाही कळवू नये.

मूळ फाईलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती गळते आणि चित्राचा दर्जाही घसरतो, म्हणून मूळ चित्र हवे तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोल्डरला 2025-06-07 अशा क्रमाने नाव दिल्यास ते आपसूक कालानुक्रमे लागतात. मूळ चित्रे मोबाईलखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवावीत. दर महिन्याची निवडक चित्रे 4 × 6 इंच आकारात छापून घ्यावीत आणि मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, तारीख व नोंद लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.